गॉस्पेलमधून आलेल्या गायकाचा पहिला सोल अल्बम: चर्च किती ठेवायचं?

द्रुतलय (धागाकर्ता):
चर्चच्या कॉयरमध्ये (गायकवृंदात) गॉस्पेल, म्हणजे भक्तिगीतं, गात तयार झालेला गळा सोलकडे, म्हणजे त्याच ढंगाच्या पण चर्चबाहेरच्या गाण्यांकडे, वळला, की निर्माते पहिल्याच अल्बमला त्याची धार घालवतात, असं माझं मत आहे. उदाहरण जुनं आहे, पण चूक अजून तीच. अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन. वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर, बाईंचं पहिलं रेकॉर्डिंग चौदाव्या वर्षी तिथलंच. १९६० मध्ये निर्माता जॉन हॅमंडनं तिला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत आणलं. १९६१ मध्ये रे ब्रायंटच्या जॅझ कॉम्बोबरोबर पहिला अल्बम आला. कोलंबियातल्या सगळ्या वर्षांत पॉप यादीत तिची सर्वोच्च झेप ३७ व्या क्रमांकाची. मग अटलांटिक ही दुसरी कंपनी, जानेवारी १९६७, अलाबामातल्या मसल शोल्सचा फेम स्टुडिओ, आणि तिथलं पहिलंच सिंगल नवव्या क्रमांकावर! गळा तोच होता. फरक इतकाच, की ती पियानोवर बसली आणि वादक तिच्याभोवती, एका खोलीत.

त्यामुळे आज असा गायक पहिला अल्बम करत असेल तर ऑर्गन, ड्रम, बेस, कॉयर सगळं एका वेळी घ्यावं. क्लिक, म्हणजे कानात ठेका देणारी टिकटिक, बंद. आणि शेवटचा व्हॅम्प, म्हणजे दोन-चार कॉर्ड्स फिरवत गायक आणि कॉयरची चालणारी सवाल-जवाबाची झुंज, फेड करू नये, म्हणजे आवाज हळूहळू विरवत संपवू नये.

खर्जातला:
दंतकथा छान आहे, पण तपशील जुळत नाही. १९६१ च्या अल्बमचं पहिलंच गाणं ऐका. पियानो अरीथाचाच आहे आणि वाजवणं सरळसरळ चर्चचं आहे. ते गाणं आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत सातव्या क्रमांकावर गेलं होतं. म्हणजे पहिल्या अल्बमनं चर्च घालवलं नव्हतं. घोळ पुढे झाला: एक अल्बम जॅझचा, दुसरा व्हायोलिनच्या ताफ्याचा, तिसरा ब्लूजचा. श्रोता कोणता, हेच ठरेना.

आणि १९६७ चं ते ‘एका खोलीत’ म्हणाल, तर मसल शोल्समध्ये एकच गाणं पूर्ण झालं. वादावादी झाली आणि मुक्काम आटोपला. दुसरं गाणं अर्धवट राहिलं, सिंगलला मागची बाजूच नव्हती. ते न्यूयॉर्कमध्ये पुरं केलं: आधीच्या ट्रॅकवर तिचा पियानो, तिचाच ऑर्गन आणि बहिणींचे आवाज नंतर चढवले. अटलांटिकचा ध्वनिमुद्रक टॉम डाउड याच्याकडे १९५० च्या दशकाअखेरीपासून आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे टिपणारं, मशीन होतं, ते असल्याच कामासाठी. माझ्या मते खरा फरक पडला तो लिहून आणलेले अरेंजमेंट बंद झाल्याचा. वादक तिचा पियानो ऐकून जागेवर भाग बसवू लागले. हे एका खोलीत होतं आणि चार खोल्यांतही होतं.

मीटरलाल:
इथं मतांपेक्षा मायक्रोफोनचं बोलू. गॉस्पेलचा गायक एकाच कडव्यात कुजबुजीवरून आरोळीवर जातो, वीसेक डेसिबलचा फरक सहज. कॉयर त्याच खोलीत असेल तर कुजबुजीला गेन (माइकचा आवाज उचलण्याचा जोर) वाढवावा लागतो आणि कॉयर गायकाच्या माइकमध्ये घुसतं. मग एक ओळ बदलायची म्हटली तरी मागचं कॉयर तुटतं. तरी करायचंच असेल तर दोन माइकमधलं अंतर माइक आणि तोंडामधल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा, आणि कॉयर गायकाच्या माइकच्या मागच्या बाजूला उभं करा.

ऑर्गन खोलीत, त्याचा लेस्ली स्पीकर (आतले भाग फिरवून आवाज थरथरवणारा) बाहेर, ही तडजोड सगळ्यात स्वस्त. वरच्या हॉर्नला दोन माइक, ३०-४० सेंटीमीटरवर. त्याहून जवळ नेलेत तर फिरत्या हॉर्नचा वारा फडफडतो. खालच्या ड्रमला (स्पीकरचा खर्जाचा फिरता भाग, वाद्य नव्हे) एक. हॉर्न संथ असताना मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे, जलद असताना चारशेच्या आसपास, पण खरी गंमत मधल्या चढणीत. हॉर्न पटकन वेग घेतो, खालचा ड्रम रेंगाळतो. व्हॅम्पला वादक नेमकं तेव्हाच बटण फिरवतो. काही स्वस्त प्लगइनमध्ये (संगणकावरच्या नकलांमध्ये) दोन्ही एकदम धावतात, तिथंच ते उघडे पडतात.

कॉयर नंतर घेणार असाल तर आठ जण पुरतात. सोप्रानो, आल्टो, टेनर असे तीन आवाज, पुरुषी खर्ज सहसा नसतोच. दोन टेक घ्या, दुसऱ्याला सगळे दोन पावलं मागे आणि जागा बदलून. ओळीच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘ट’ एकानंच उच्चारायचा. सोळा आवाजांचा ‘स’ पुढे कुठल्याही यंत्रानं निघत नाही. मुख्य आवाजाला एकाच कॉम्प्रेसरनं (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या यंत्रानं) दहा डेसिबल दाबू नका. आधी फेडर (आवाज कमी-जास्त करणारी कळ) हातानं चालवा, मग दोन टप्प्यांत तीन-तीन.

द्रुतलय:
एक ओळ बदलता येत नाही, हाच तर फायदा आहे. सगळ्यांना माहीत असतं की दुसरी संधी नाही. १९७२, १३ आणि १४ जानेवारी, लॉस एंजेलिसचं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च. गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलंड, समोर अख्खं कॉयर आणि श्रोते, ड्रमवर बर्नार्ड पर्डी. अरीथाच्या सगळ्या अल्बममध्ये सर्वाधिक खपलेला तो तिथं थेट रेकॉर्ड झालेलाच.

खर्जातला:
पहिल्या अल्बमनंतर अकरा वर्षांनी! पर्डी, चक रेनी, कॉर्नेल डुप्री हे वादक तिच्याबरोबर मुरलेले, कॉयर तालमी करून आलेलं. नवख्याला हे कुठून मिळणार? शिवाय त्याच दोन रात्रींचं चित्रीकरणही झालं होतं आणि क्लॅप (चित्र-ध्वनी जुळवायची पाटी) न दिल्यामुळे चित्र आणि ध्वनी जुळेनात. सिनेमा लोकांपुढे यायला २०१८ उजाडलं. थेट रेकॉर्डिंगला उत्साहापेक्षा बारीक नोंदी जास्त लागतात.

अनाहत:
तुम्ही दोघंही १९६७ मध्येच अडकलात. गॅब्रिएल्स या गटाचा गायक जेकब लस्क बघा. कॉयर चालवणारा माणूस, पदार्पणाचा अल्बम दोन भागांत, २०२२ आणि २०२३ मध्ये. निर्माता साउनवेव्ह, म्हणजे रॅपर केंड्रिक लमारबरोबर काम करणारा. थरांवर थर आहेत, तरी कोणी म्हणेल का चर्च हरवलं?

गॉस्पेलची खूण ऑर्गन नाही, बांधणी आहे. संथ बारा-आठची लय, म्हणजे चार ठोके, प्रत्येकाचे तीन भाग. टाळी दोन आणि चारवर. चौथ्या कॉर्डवरून अर्ध्या सुरानं वर डिमिनिश्ड (ताण वाढवणारा कॉर्ड) आणि तिथून मूळ कॉर्डवर, पण बेसला पंचम. शेवटाकडे पट्टी अर्धा सूर वर. भजनात चरण चढला की टाळकरी लय वाढवतात, तसं इथं काम कॉयरची घनता करते: आधी एकसुरी, मग तीन आवाज, मग इन्व्हर्शन, म्हणजे त्याच कॉर्डचे सूर खालवर बदलून. हे कागदावर असेल तर संगणकावर केलं तरी चालतं. एकच पथ्य: बारा-आठला ड्रम ग्रिडवर, म्हणजे संगणकाच्या अचूक आखलेल्या ठोक्यांवर, खेचू नका. तीनच्या गटातला तिसरा ठोका किंचित उशिरा पडतो, तो सरळ केला की सगळं शाळेच्या कवायतीसारखं वाजतं. क्लिक लावायची तर चारच ठोक्यांची लावा, बाराची नको.

तबकडीवाला:
व्हॅम्प फेड करू नये म्हणणाऱ्यांनी एलपीचाही विचार करावा. ३३ च्या वेगाला सुरुवातीला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच जाते, शेवटी २१ च्या आसपास. म्हणजे सगळ्यात मोठ्यानं गाणारं कॉयर आणि सगळे ‘स’ सगळ्यात अरुंद जागेत, आणि नेमकं तिथंच प्रत्येक जण व्हॅम्पचं गाणं ठेवतो. बावीस मिनिटांची बाजू केलीत तर आवाजही पडतो. ते गाणं दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर घ्या, शेवटी पियानो आणि एकटा आवाज. सहा ते आठ किलोहर्ट्झमधला सिसकारा मास्टरिंगच्या (आवाजावरच्या शेवटच्या संस्काराच्या) आधीच कमी करा, आणि कटिंगआधी, म्हणजे खाच कोरण्याआधी, टेस्ट प्रेसिंग (छापलेली नमुना तबकडी) साध्या, स्वस्त सुईवर ऐका. महागडी सुई दोष झाकते.

मीटरलाल:
टेस्ट प्रेसिंग कटिंगनंतर असतं हो. कटिंगआधी ऐकायचं ते लॅकरचं रेफरन्स कट, म्हणजे मऊ तबकडीवर कोरलेला नमुना. बाकी सहमत.

द्रुतलय:
व्हॅम्प तिसऱ्या क्रमांकावर? मग चौथं गाणं कोण ऐकेल! एक गाणं गाळा, बाजू सोळा मिनिटांवर आणा, म्हणजे खाच जास्त आत जाणारच नाही. आठ आवाजांचं कॉयर नंतर चढवणं एक वेळ चालेल, मीटरलालांचा ‘स’ चा मुद्दाही घेतला. पण ऑर्गन आणि ड्रम गायकाबरोबरच वाजले पाहिजेत, आणि व्हॅम्प शेवटीच.