घरच्या संगणकातून हेडफोनवर येणारा आवाज कसा सुधारावा?

श्रवणोत्सुक

नमस्कार. माझ्याकडे टॉवर प्रकारचा घरगुती संगणक आहे आणि त्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये तारेचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावून मी संगीत ऐकतो. हेडफोनवर ३२ ओहम असे लिहिलेले आहे. माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की संगीतातल्या शांत जागी मागे बारीक चरचर ऐकू येते. माउस हलवला की तिचा पोत बदलतो आणि ग्राफिक्स कार्डावर ताण आला की तिच्यात एक तीक्ष्ण चिरका सूर मिसळतो. दुसरी तक्रार अशी की खर्जाचे स्वर फुगल्यासारखे घुमतात आणि त्यांच्याखाली गायकाचा आवाज दबून जातो. हाच हेडफोन फोनला छोट्या अ‍ॅडॅप्टरने जोडून त्याच फायली ऐकल्या, तर दोन्ही दोष जवळजवळ जाणवत नाहीत.

फायली बहुतांशी फ्लॅक, म्हणजे मूळ दर्जा न घटवता आकार लहान केलेल्या, स्वरूपातल्या आहेत. आत बसवायचे साउंड कार्ड घ्यावे, बाहेरून जोडायचा डॅक (अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारे उपकरण) घ्यावा, की हेडफोनच बदलावा, याचा निर्णय होत नाही. खर्च करण्यापूर्वी काय तपासून पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तारजुळवणी

आपण फोनवर ऐकून पाहिलेत, त्यामुळे अर्धे निदान झालेच आहे. तोच हेडफोन आणि त्याच फायली दुसऱ्या उपकरणावर स्वच्छ वाजत असतील, तर दोष त्या दोहोंत नाही, संगणकाच्या ध्वनिमार्गात आहे. हेडफोन बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

चरचरीबद्दल सांगायचे, तर ती कुठून शिरते हे डबा उघडल्यावर डोळ्यांनी दिसते. पुढच्या जॅकपासून निघणारी बारीक केबल मदरबोर्डाच्या ज्या पिनांवर बसते, त्या बहुतेक बोर्डांवर मागच्या बाजूला, अगदी खालच्या कोपऱ्यात असतात. म्हणजे ही केबल डब्याची जवळजवळ संपूर्ण लांबी पार करते आणि वाटेत ग्राफिक्स कार्डाच्या खालून जाते. कार्डाला लागणारा वीजप्रवाह कामाच्या ताणाप्रमाणे क्षणोक्षणी कमीजास्त होत असतो, आणि त्याचे पडसाद या केबलमध्ये व सामाईक ग्राउंडमध्ये (सर्व भागांना जोडणाऱ्या विजेच्या परतीच्या वाटेत) उमटतात. माउस हलवल्यावर आवाजाचा पोत बदलतो तोही याच जातीचा परिणाम आहे, कारण तेवढ्या हालचालीनेही प्रोसेसर आणि यूएसबी यांचे काम बदलते. थोडक्यात, आपण संगीताबरोबर संगणकाचे काम ऐकत आहात.

म्हणून सर्वांत आधी हेडफोन मागच्या बाजूच्या हिरव्या जॅकला लावून पाहा. तिथे ती लांब केबल मार्गात येतच नाही, त्यामुळे अनेकदा एवढ्यानेच चरचर नाहीशी होते किंवा लक्षात न येण्याइतकी उरते. काही बोर्डांवर हेडफोनसाठीचा अँप्लिफायर फक्त पुढच्या जॅकला दिलेला असतो, त्यामुळे मागे आवाज थोडा कमी वाटू शकतो. पण ३२ ओहमच्या हेडफोनला सहसा तो पुरतो. त्याबरोबर ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन माइक आणि लाइन-इन यांचा आवाज थेट हेडफोनमध्ये मिसळला जात नाही ना, हेही पाहा. न वापरलेला माइक वाढीव पातळीवर उघडा राहिला असेल, तर तो सुसकाऱ्यासारखा आवाज सतत ओतत राहतो.

मागच्या जॅकवरही चरचर राहिली, तर बाहेरचा डॅक हाच उपाय मला योग्य वाटतो. चांगले आंतरिक साउंड कार्ड वाईट नसते, परंतु ते त्याच डब्यात, त्याच विजेवर आणि बऱ्याचदा त्याच ग्राफिक्स कार्डाच्या शेजारी बसते. बाहेरच्या डॅकमध्ये अंकांचे ध्वनीत रूपांतर डब्याच्या बाहेर होते, आणि यूएसबीच्या तारेतून जाणाऱ्या अंकांना ही चरचर चिकटत नाही. मात्र विजेसाठी तोही संगणकावर अवलंबून असेल, तर क्वचित थोडा उपद्रव उरतो. अशा वेळी दुसरा यूएसबी पोर्ट वापरून पाहावा. संगणकाला ऑप्टिकल आउटपुट असेल, तर त्यातून अंक प्रकाशाच्या रूपाने जातात आणि दोन उपकरणांत विजेचा संबंधच राहत नाही. ग्राउंडमधून येणारी हट्टी घरघर त्याने हमखास थांबते.

ओहमप्रेमी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण तो चरचरीपुरता आहे. खर्ज घुमण्याचे कारण निराळे असावे, आणि केवळ जॅक बदलून ते जाईलच असे नाही.

हेडफोनवर लिहिलेले ३२ ओहम ही त्याच्या इम्पिडन्सची, म्हणजे बदलत्या वीजप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याची, एका वारंवारतेला, बहुधा १ किलोहर्ट्झला, मोजलेली किंमत असते. डायनॅमिक प्रकारच्या (तारेच्या गुंडाळीने पडदा हलवणाऱ्या) बऱ्याच हेडफोनांत पडदा ज्या खर्जाच्या वारंवारतेला स्वतःहून जोराने थरथरतो, तिथे इम्पिडन्स कितीतरी वर चढते. दुसरीकडे, संगणकाच्या हेडफोन आउटपुटलाही स्वतःचे इम्पिडन्स असते. चांगल्या अँप्लिफायरमध्ये ते १ ओहमच्या आसपास असते, तर अनेक मदरबोर्डांच्या आउटपुटमध्ये संरक्षणासाठी मालिकेत घातलेल्या रोधांमुळे ते बरेच जास्त असते. ही दोन्ही मिळून व्होल्टेजची वाटणी करतात, आणि जिथे हेडफोनचे इम्पिडन्स जास्त, तिथे त्याच्या वाट्याला व्होल्टेजही जास्त येते.

हिशेब करून पाहू. समजा, आउटपुटचे इम्पिडन्स ७५ ओहम आहे आणि हेडफोनचे मधल्या स्वरांना ३२, पण खर्जाला ८० ओहम आहे. मधल्या स्वरांना मूळ व्होल्टेजचा ३२ भागिले १०७, म्हणजे सुमारे ३० टक्के भाग मिळतो. खर्जाला ८० भागिले १५५, म्हणजे सुमारे ५२ टक्के. हा फरक जवळपास ४.७ डेसिबलचा आहे. कोणीही इक्वलायझरला (निरनिराळ्या स्वरपट्ट्यांची पातळी कमीजास्त करणाऱ्या सोयीला) हात न लावता खर्ज तेवढा वर गेला, आणि गायकाचा आवाज दबला. तोच हेडफोन १ ओहमच्या आउटपुटला जोडला, तर हाच फरक ०.२ डेसिबलहूनही कमी राहतो. फोनच्या अ‍ॅडॅप्टरवर आपल्याला आवाज स्वच्छ वाटतो त्याचे कारण मला यातच दिसते, कारण त्या इवल्याशा अ‍ॅडॅप्टरमध्ये डॅक आणि कमी इम्पिडन्सचा अँप्लिफायर दोन्ही असू शकतात.

आपल्याकडे मल्टिमीटर आणि ३३ ओहमचा एक साधा रेझिस्टर असेल, तर हे घरीच मोजता येईल. हेडफोन काढून ठेवा. ६० हर्ट्झचा अखंड सूर मध्यम पातळीवर वाजवा, कारण स्वस्त मीटर एसी व्होल्टेज याच टापूत भरवशाने दाखवतात. जॅकमध्ये एक सुटी ऑडिओ केबल लावून तिच्या मोकळ्या टोकाशी, डाव्या बाजूची तार आणि ग्राउंड यांमधील व्होल्टेज नोंदवा. मग त्याच दोन टोकांना रेझिस्टर जोडून पुन्हा नोंदवा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून त्यातून १ वजा करा आणि ३३ ने गुणा. उदाहरणार्थ, ०.३० व्होल्टचे ०.१० झाले, तर आउटपुटचे इम्पिडन्स ६६ ओहम आहे. पुढच्या आणि मागच्या जॅकवर हे वेगवेगळे करून पाहा, कारण दोन्हींचे आकडे सारखे असतातच असे नाही.

आउटपुटचे इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावे, असा एक रूढ आडाखा आहे. आपल्या बाबतीत ही मर्यादा ४ ओहम येते. प्लेनर प्रकारच्या (सपाट, पातळ पडद्याच्या) हेडफोनांचे इम्पिडन्स सर्व स्वरांना जवळपास सपाट असल्यामुळे त्यांना हा त्रास फारसा होत नाही.

शांतलहर

सॉफ्टवेअरच्या बाजूचे काही मुद्दे जोडतो. विंडोजमध्ये आउटपुट उपकरणाच्या सेटिंगमधील ऑडिओ एन्हान्समेंट्स आणि स्पेशिअल साउंड (आवाज चहूबाजूंनी येत असल्याचा भास देणारी सोय) बंद करावेत. मदरबोर्डाबरोबर येणाऱ्या ध्वनीच्या प्रोग्राममध्येही खर्ज वाढवणारा एखादा पर्याय आधीपासून चालू असतो. आपल्या दुसऱ्या तक्रारीत त्याचाही वाटा असू शकतो, म्हणून मोजमापाच्या आधी तो पाहून घ्यावा.

फायलींच्या बाबतीत अधिक काही करण्याची गरज नाही. ४४.१ किलोहर्ट्झच्या नमुना दरात (सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद) २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात, आणि तरुण, निरोगी कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ मानली जाते. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजांमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. त्याहून मोठ्या आकड्यांच्या फायली गोळा करण्यात वेळ आणि जागा घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या गोष्टीने खरोखर फरक पडतो ती म्हणजे इक्वलायझर, आणि तो पैसे न देता मिळतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि लिनक्सवर ईझीइफेक्ट्स हे प्रोग्राम संपूर्ण संगणकाच्या आवाजावर काम करतात. आधी चरचर आणि इम्पिडन्स यांचा बंदोबस्त करावा. त्यानंतर जो स्वरभाव उरतो तो हेडफोनचा स्वतःचा असतो, आणि तो इक्वलायझरने वळवता येतो. कोणताही पट्टा वाढवला, तर प्रीअँप (त्याच प्रोग्राममधील एकूण पातळीचा पर्याय) तेवढ्याच डेसिबलने खाली घ्यावा, नाहीतर मोठ्या आवाजाच्या जागी ध्वनी छाटला जाऊन फाटतो. आणखी एक बाब अनेकांना गोंधळात टाकते: प्लेअरमध्ये वासापीचा (विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेचा) एक्सक्लुझिव्ह मोड चालू असेल, तर तो आवाज विंडोजच्या मिक्सरला वगळून थेट उपकरणाकडे जातो, त्यामुळे इक्वलायझर एपीओचा त्यावर काहीही परिणाम होत नाही.

दोन उपकरणांची तुलना करताना आवाजाची पातळी काटेकोर जुळवावी. अर्ध्या-एक डेसिबलने मोठे वाजणारे उपकरण मोठे न वाटता "अधिक स्पष्ट" वाटते, आणि पुष्कळशा खरेद्या याच भासावर होतात.

श्रवणोत्सुक

सर्वांचे मनापासून आभार. मागच्या जॅकला हेडफोन लावल्यावर चरचर जवळजवळ गेली. ध्वनीच्या प्रोग्राममध्ये खर्ज वाढवणारा पर्याय चालू नव्हता. मोजमापात पुढच्या जॅकचे इम्पिडन्स ७० ओहमच्या जवळ आले आणि मागच्याचेही त्याहून फारसे कमी नाही, म्हणजे खर्जाचे कोडे ओहमप्रेमी म्हणतात तसेच आहे. तूर्त फोनचा तोच अ‍ॅडॅप्टर संगणकाच्या यूएसबी-सी पोर्टला लावला असता संगणकाने तो लगेच ओळखला, आणि गायकाचा आवाज पुन्हा पुढे आला. एक शंका उरते. अ‍ॅडॅप्टरला आवाजाची कळ नाही, त्यामुळे संगणकावरूनच आवाज कमी ठेवावा लागतो. त्याने दर्जा घटतो का?

तारजुळवणी

कागदावर घटतो, कानाला नाही. आउटपुटचे स्वरूप २४ बिटांचे ठेवावे. संगणकावरून आवाज ३० डेसिबलने उतरवला, तरी सुमारे ५ बिटच खर्ची पडतात आणि १६ बिटांच्या फायलीला पुरेल इतकी जागा शिल्लक राहते. जी मर्यादा जाणवू शकते, ती अ‍ॅडॅप्टरच्या स्वतःच्या सूक्ष्म सुसकाऱ्याची, कारण तो आवाजाबरोबर खाली जात नाही. संगीत थांबवून शांत खोलीत कान देऊन पाहा, ऐकू येत नसेल तर हा विषय सोडून द्यावा.

काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. अ‍ॅडॅप्टर काढून पुन्हा लावल्यावर किंवा एक्सक्लुझिव्ह मोड वापरताना काही प्लेअर आवाज एकदम पूर्ण पातळीवर नेतात, म्हणून आधी पातळी पाहावी आणि मगच हेडफोन कानावर चढवावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे, आणि चरचर गेल्यानंतर एरवीपेक्षा कमी आवाजातही सगळे बारकावे ऐकू येतात.