वजनाचं इंजेक्शन जिमवाल्याकडून घेऊ का?

भुसावळकर४१:
मंडळी एक विचारायचंय. वजन १०४, उंची ५ फूट ७, शुगर बॉर्डरवर, जिना चढलो की गुडघे बोलतात. जिमचा ट्रेनर म्हणतो डाएटबिएट सोडा, आठवड्याला एक इंजेक्शन, चार महिन्यात १५ किलो गॅरंटीने. माल त्याच्याकडेच आहे, बॅगेतून काढून दाखवला, खोका नाही बिल नाही, मेडिकलपेक्षा निम्मा रेट आणि म्हणे डायरेक्ट ५ एमजीने सुरू करू. कुणी घेतलंय का?

जळगावची_ताई:
मी पाच महिने झाले मौंजारो (हेच आठवड्याचं वजनाचं इंजेक्शन) घेतेय पण डॉक्टरने लिहून दिलेलं. आधी किती प्रश्न! घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताचे खडे आहेत का. मग २.५ चार आठवडे, त्यानंतर ५. ते २.५ नुसतं पोटाला सवय लागावी म्हणून असतं, तरी पहिल्या महिन्यात शेजारी शेवभाजीला फोडणी बसली की मी बेसिनकडे पळायचे. कॉन्स्टिपेशनचं तर विचारूच नका दादा. ११ किलो गेले हे खरं, पण भूकच मरते म्हणून डाळ-अंडी आठवणीने खावी लागतात, नाहीतर चरबीबरोबर मसल पण जातं. तुम्ही डायरेक्ट ५ नका घेऊ.

धुळे_मेडिकल:
काउंटरवर बसतो म्हणून सांगतो. हे फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवायचं असतं, बाहेर काढलं तर ३० च्या आत, ते पण मोजकेच दिवस. आणि तुमच्या भुसावळला मे महिन्यात ४५! त्या बॅगेत काय शिजलं असेल देव जाणे. असली आहे का हाच मुळात प्रश्न. स्वस्तच पाहिजे तर सेमाग्लुटाइड म्हणून याच प्रकारचं दुसरं औषध आहे, त्याचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ ला संपलंय, जेनेरिकचं डॉक्टरलाच विचारा. आणि शुगरची ग्लिमेपिराइड चालू असेल तर ते आधी सांगा, दोन्ही मिळून शुगर एकदम खाली जाते, गिऱ्हाईक घाम पुसत दुकानात आलेलं पाहिलंय मी.

अमळनेरना_भाऊ:
मंग भरीत-पुरीनं काय व्हई भाऊ? 😄 चेष्टा सोडा, बंद केल्यावर काय ते कुणी सांगत नाही. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचा अभ्यास झालाय, वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. माझ्या साडूचं पण तेच झालं, लग्नसराईत बंद केलं अन दिवाळीला जुन्या पँटी परत शिवायला.

जळगावची_ताई:
भरीत खाते की मी. पूर्वी चार पुऱ्या, आता एकीतच पोट भरतं, शेतातल्या पार्टीत सगळे विचारतात तब्येत बरी नाही का.

भुसावळकर४१:
ट्रेनरला बिल मागितलं तर म्हणे विश्वास नाही का, आता फोनच उचलत नाही. सोमवारी जळगावला एमडीकडे नंबर लावलाय. ताई, उपाशीपोटी रिपोर्ट काढून नेऊ की तिथेच करतात?