अर्जंट मदत हवी आहे: डेकेअरवाले खोकल्यामुळे खारीला घेत नाहीयेत, शुक्रवारी लग्नाला जायचंय

खारीचा_बाबा | मंगळवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमची खारी गेले ६ महिने बावधनच्या एका डेकेअरला जाते, आठवड्यातून ३ दिवस. काल सकाळी सोडायला गेलो तर गेटवरच तिथल्या मुलीने तिचा खोकला ऐकला आणि म्हणाली सर हिला परत न्या, आणि खोकला पूर्ण थांबल्यावर पुढे १४ दिवस आणू नका. अहो १४ दिवस?? शुक्रवारी पहाटे सांगलीला निघायचंय, सख्ख्या मेव्हणीचं लग्न आहे, ३ रात्रींचं बोर्डिंग तिथेच बुक आहे, ॲडव्हान्स भरलाय. खारी एकदम मजेत आहे, खातेय, बॉल आणतेय, फक्त मधूनच खोकते. इंजेक्शनं सगळी झालीत. दोन दिवसात खोकला थांबेल असं काही आहे का? किंवा अशा कुत्र्याला ठेवून घेणारं दुसरं बोर्डिंग? प्लीज लवकर सांगा.

मनीमाऊ४२ | ९:५२
वय? जात? खोकला कधीपासून? कोरडा की कफाचा? व्हेटकडे नेलं का? यातलं एकही लिहिलेलं नाही. अर्धा धागा वाचेपर्यंत मला खारी म्हणजे तुमची मुलगी वाटत होती.

प्रश्नचिन्ह | ९:५५
डेकेअरचा रेट काय आहे? आम्ही पण बघतोय.

टेकडीवरचा | १०:०३
घशात काहीतरी अडकलंय. आमच्या लॅब्रॅडोरला सेम झालं होतं, चिकनचं हाड. पिकलेलं केळं आणि भात कालवून द्या, सगळं घेऊन खाली जातं. व्हेट एक्सरेचे पैसे लावतील उगाच.

खारीचा_बाबा | १०:१०
बीगल आहे, ११ महिने, साडेनऊ किलो. खोकला कसा सांगू, बदक ओरडतं तसा, आणि शेवटी ओकल्यासारखं करते पण पडतं काहीच नाही, जरासा पांढरा फेस. मलाही आधी गवत अडकलंय असंच वाटलं होतं. व्हेटकडे अजून नाही, कारण ती बरी आहे हो. बोर्डिंगचं सांगा ना कोणीतरी.

निळी_छत्री | १०:२४
मी व्हेट नाही, पण शेल्टरला ४ वर्षं व्हॉलंटिअर आहे आणि हा आवाज मी झोपेतही ओळखेन. बदकासारखा खोकला, शेवटी उबळ आणि फेस, बाकी कुत्रं ठणठणीत, आणि रोज वीसेक कुत्र्यांत खेळणारं, म्हणजे पहिला संशय केनेल कफचाच, कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याचा. हाड अडकलेलं कुत्रं लाळ गाळतं, पंजाने तोंड ओरबाडतं, खायचं सोडतं. ते असं बॉल आणत बसत नाही. टेकडीवरचा, केळं राहू द्या.

केनेल कफ हा एकच जंतू नसतो. बॉर्डेटेला नावाचा बॅक्टेरिया, पॅराइन्फ्लुएन्झा, ॲडेनोव्हायरस २, अजून दोनचार मंडळी, कधी एकटी तर कधी जोडीने. श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखी लव असते, ती घाण वर ढकलायचं काम करते. बॉर्डेटेला नेमका त्या लवेला चिकटून तिला गारद करतो, म्हणून जंतू गेल्यावरही खोकला रेंगाळतो. १ ते ३ आठवडे धरून चाला. शुक्रवार विसरा.

"इंजेक्शनं सगळी झालीत" म्हणजे नक्की कोणती?

खारीचा_बाबा | १०:३१
९ इन १ आणि रेबीज. कार्ड समोर आहे, सगळे स्टिकर आहेत. ९ इन १ मध्ये नऊ आजार येतात ना? मग खोकला कसा झाला?

मनीमाऊ४२ | १०:३६
त्या नवात बॉर्डेटेला नसतो!! आमच्याकडेही हेच झालं होतं. नाव भारदस्त आहे म्हणून आपण कार्ड कधी वाचतच नाही. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो, पॅराइन्फ्लुएन्झा वगैरे असतं. केनेल कफची लस वेगळी मागून घ्यावी लागते, नाकात थेंब टाकतात किंवा इंजेक्शन असतं.

खारीचा_बाबा | १०:३९
मग उद्या सकाळीच थेंब देऊन आणतो. शुक्रवारी बोर्डिंगला चालेल ना?

निळी_छत्री | १०:४५
नाही हो. पाऊस पडून गेल्यावर छत्री घेऊन काय करणार. खोकणाऱ्या कुत्र्याला ही लस देत नाहीत, उपयोग नाही. बरी झाल्यावर द्या आणि मग दरवर्षी. नाकातल्या थेंबांचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो. इंजेक्शनवालीचे पहिल्यांदा २ डोस लागतात, मध्ये काही आठवडे, म्हणजे बोर्डिंगच्या आदल्या दिवशी आठवून फायदा नाही. आणि लस घेऊनही खोकला होऊ शकतो, फक्त बहुतेक वेळा हलका होतो.

अण्णा_सातारकर | ११:०२
कुत्र्याला पाळणाघर! आमचा मोती ओसरीवर पोत्यावर निजायचा, भाकरी खायचा, आयुष्यात कधी खोकला नाही. तुम्ही कुत्री एसीत ठेवता, मग ती माणसासारखी आजारी पडतात. अडुळशाचा रस आणि मध द्या, तीन दिवसांत बरी.

मनीमाऊ४२ | ११:०९
अण्णा, मोती रोज वीस अनोळखी कुत्र्यांच्या भांड्यातून पाणी पीत नव्हता. एसीचा काय संबंध. पहिल्यांदा शाळेत गेलेलं मूल वर्षभर शेंबडं असतं तसंच आहे हे.

अण्णा_सातारकर | ११:१४
मोतीला शेंबूडही नव्हता.

खारीचा_बाबा | ११:२०
मध अर्धा चमचा दिला संध्याकाळी. आणि मुलाचं खोकल्याचं औषध होतं घरात, अडीच एमएल. त्याने रात्र शांत जाईल ना?

निळी_छत्री | ११:२२
थांबा. कुठलं औषध? बाटली हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षरातलं सगळं इथे टाइप करा. पॅरासिटामॉल आहे का? शुगर फ्री आहे का? झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ते, लिहिलंय का?

खारीचा_बाबा | ११:२९
घाबरवू नका हो. क्लोरफेनिरामिन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन. पॅरासिटामॉल नाही. शुगर फ्री आहे. खाली सॉर्बिटॉल लिहिलंय. झायलिटॉल दिसत नाही. बायको पण वाचून गेली, नाही म्हणतेय.

निळी_छत्री | ११:३५
बरं. सॉर्बिटॉलने फार तर जुलाब होतील. झायलिटॉल असतं तर मी तुम्हाला आत्ता गाडी काढायला लावली असती, कुत्र्यात साखर झपकन उतरते आणि लिव्हरवरही जातं. तरीही दुसरा डोस देऊ नका. खूप सुस्त पडली किंवा उलट फारच अस्वस्थ झाली, थरथरायला लागली, तर रात्रीच इमर्जन्सी क्लिनिकला फोन करा. नाहीतर सकाळी व्हेटला औषधाचं नाव आणि किती दिलं ते सांगा, लाजून लपवू नका. मध थोडासा चालतो पण तो खोकला बरा करत नाही, घशाला बरं वाटतं इतकंच.

आता एक काम करा. ती गाढ झोपली की छाती वरखाली होते ते १ मिनिट घड्याळ लावून मोजा.

एडिसनचा_पुणेकर | ११:४८
इथे न्यू जर्सीत बॉर्डेटेलाचा कागद दाखवल्याशिवाय डेकेअरवाले दारातही उभं करत नाहीत, काही ठिकाणी तर दर ६ महिन्यांनी मागतात. डॉग फ्लूचंही विचारतात. २०१५ ला शिकागोत एच३एन२ ची मोठी साथ आली होती, हजारावर कुत्री आजारी पडली, बोर्डिंग बंद ठेवावी लागली होती. त्याआधीचा एच३एन८ तर घोड्यांमधून कुत्र्यांत आला, फ्लोरिडात रेसच्या ग्रेहाउंडमध्ये २००४ ला सापडला. तुमच्याकडे कोणी कागद मागितला नव्हता का?

टेकडीवरचा | ११:५३
बावधनमध्ये शिकागो कुठून आलं. माणूस शुक्रवारचं विचारतोय.

खारीचा_बाबा | बुधवार, रात्री १२:०६
मोजले. २२. आणि हो, ॲडमिशनच्या वेळी कार्डाचा फोटो मागितला होता, मी पाठवला, त्यांनी थम्ब्स-अप पाठवला. म्हणजे चूक त्यांचीही आहे ना. मग ॲडव्हान्स परत मिळायला पाहिजे.

निळी_छत्री | १२:१२
२२ छान आहे. झोपेत ३० च्या वर जायला लागले तर थांबू नका. सकाळी ताप बघा, कुत्र्यांचं नॉर्मलच साधारण १०१ ते १०२.५ असतं, त्यामुळे १०१ दिसलं म्हणून धावू नका. जेवण सोडलं, नाकातून पिवळा-हिरवा चिकट स्राव आला, डोळे चिपडले, तर मग न्यूमोनिया किंवा डिस्टेंपरचा विचार करावा लागतो. झोपते मी.

ढोल्याची_आई | सकाळी ७:१८
बावधनला, ६ महिन्यांपासून, बीगल, खारी. एकच खारी आहे तिथे. आमचा ढोल्या तिच्याबरोबरच असतो दिवसभर. ढोल्या सोमवारी सकाळपासून खोकतोय. ९ वर्षांचा पग आहे, आधीच नाक चपटं, रात्रभर बसून काढली आम्ही. खारीचा खोकला कधी सुरू झाला हे तुम्ही अजूनही लिहिलेलं नाही. वर पहिल्याच प्रतिसादात विचारलंय.

प्रश्नचिन्ह | ७:४०
रेट कोणी सांगेल का.

खारीचा_बाबा | ८:०५
शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाला. शनिवारी सोडलं होतं तिला, कारण तेव्हा दोनदाच खोकली होती आणि मला खरंच गवत वाटलं. ऑफिसचं रिलीज होतं शनिवारी. खोटं बोलत नाहीये. ढोल्याबद्दल वाईट वाटलं ताई, मनापासून सॉरी.

ढोल्याची_आई | ८:११
दोनदा खोकली तर तुम्हाला गवत वाटतं, आणि गेटवरच्या मुलीला एका खोकल्यात कळतं. व्वा. व्हेटचं बिल कुठे पाठवू?

मनीमाऊ४२ | ८:२०
राग बरोबर आहे ताई. शनिवारी पाठवायला नको होतं, त्यात वाद नाही.

निळी_छत्री | ९:०२
पाठवायला नकोच होतं. पण हिशोब नीट करू या. लागण झाल्यापासून खोकला यायला साधारण ३ ते १० दिवस जातात, कधी जास्तही. शनिवारी लागून सोमवारी सकाळी खोकला, हे फारच झटपट झालं. मला वाटतं खारी आणि ढोल्या दोघांनाही त्याआधीच्या आठवड्यात तिसऱ्याच कुत्र्याकडून मिळालाय, आणि ते तिसरं कदाचित खोकतही नव्हतं. हाच या आजाराचा चावटपणा आहे. खोकला सुरू व्हायच्या आधीही कुत्रं पसरवतं आणि थांबल्यावरही बरेच दिवस, बॉर्डेटेला तर काही कुत्र्यांत महिना-दोन महिने निघत राहतो. १४ दिवस म्हणणारी ती मुलगी शहाणी आहे. खारीचं शनिवारचं पाप वेगळं, त्याचा निकाल पुढच्या आठवड्यात लागेल, अजून कोण खोकतंय त्यावर.

ताई, पगला खोकल्याची वाट बघत घरी ठेवू नका, आजच दाखवा. त्या वयात हार्टचाही खोकला असतो, रात्री वाढणारा. सगळं खारीच्या नावावर टाकून ते राहून जायला नको. पट्टा गळ्यात असेल तर काढा, हार्नेस घाला.

ढोल्याची_आई | ९:१०
११ची अपॉइंटमेंट आहे. हार्नेसच आहे. थँक्स.

टेकडीवरचा | ९:३०
तरी एकदा केळं देऊन बघायला हरकत नव्हती.

एडिसनचा_पुणेकर | ९:३४
गोचिडांसाठी कोणती गोळी वापरता तुम्ही लोक? इथे दर महिन्याला देतो.

खारीचा_बाबा | दुपारी २:१५
अपडेट. व्हेटकडे नेलं. आत न्यायच्या आधी फोन केला, ते म्हणाले वेटिंगमध्ये बसवू नका, गाडीतच ठेवा, नंबर आला की मागच्या दाराने आणा. ताप नाही, छाती साफ. त्यांनी गळ्यावरून दोन बोटं हलकेच दाबली आणि खारी लगेच खों खों सुरू, म्हणाले झालं निदान. अँटिबायोटिक दिलं नाही. मी मागितलं, कारण सांगलीला लग्न आहे म्हटलं, तर ते म्हणाले लग्नासाठी डॉक्सी देत नसतात. ताप आला किंवा नाक वाहायला लागलं तर सुरू करू. खोकल्याचं औषध दिलंय, ५ दिवस. मुलाच्या औषधाच्या बाटलीबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मनीमाऊ४२ | २:२२
आमच्या व्हेटने पहिल्याच दिवशी डॉक्सी दिली होती. दुसरं मत घ्या.

निळी_छत्री | २:४०
कशाला? ताप नाही, खाते आहे, छाती साफ आहे. व्हायरस असेल तर गोळी काय करणार. तुमच्या कुत्र्याला ताप असेल तेव्हा.

मनीमाऊ४२ | २:४४
नव्हता.

निळी_छत्री | २:४५
मग तुमच्या व्हेटशी मी भांडत नाही. बाबा, आंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये वाफ कोंडून तिला १० मिनिटं सोबत बसवा. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद. टेकडीवर नेऊ नका, सोसायटीच्या कॉमन पाण्याच्या कुंडीपासून लांब. आणि दुसरं बोर्डिंग शोधू नका हो, हात जोडते. तिथे एखादं ८ आठवड्यांचं पिल्लू असेल.

खारीचा_बाबा | रात्री ८:५०
नाही शोधत. घरी बसून विचार केला, खोटं सांगून कुठेतरी ठेवली असती तर ठेवली असती मी, खरं सांगतो. बायको आणि मुलगा उद्या रात्रीच्या बसने निघतायत. मी खारीसोबत घरी. सासरेबुवांना फोन केला, ते म्हणाले कुत्र्याच्या खोकल्यासाठी जावई लग्नाला नाही हे मी व्याह्यांना सांगू कसं, मी म्हटलं मला कफ झालाय सांगा.

ताई ढोल्या कसा आहे?

ढोल्याची_आई | ९:३०
हार्ट ठीक निघालं. केनेल कफच आहे हा, पण त्याला डॉक्सी आणि नेब्युलायझर दिलंय, वयामुळे. संध्याकाळी पहिल्यांदा भात खाल्ला, चाटून पुसून. डेकेअरच्या ग्रुपवर मी मेसेज टाकलाय की कोणाकोणाला खोकला आहे ते सांगा, आत्तापर्यंत ५ जण. एक जण गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून खोकतोय म्हणे, त्याच्या मालकाला पण गवतच वाटलं होतं. बिल पाठवत नाही तुम्हाला.

अण्णा_सातारकर | ९:४१
अडुळसा दिला का?

प्रश्नचिन्ह | १०:०५
रेट??

खारीचा_बाबा | १०:१२
दिवसाला ६५०, बोर्डिंगचे वेगळे. पण जाण्याआधी कार्डावर बॉर्डेटेला आहे का बघा आणि त्यांनाही विचारा, बाकीच्यांचं बघता का म्हणून. ॲडव्हान्स पुढच्या महिन्यात वळवून देतो म्हणालेत.