शब्दचर्चा : ‘ठेका धरला’, पण कुणी?

मी ड्रम वाजवतो. लग्नाच्या वरातीपासून गणपतीतल्या ऑर्केस्ट्रापर्यंत जे मिळेल ते. परवा आमच्या कार्यक्रमाची बातमी छापून आली, ‘गाण्यांवर रसिकांनी ठेका धरला.’ आईनं ती मोठ्यानं वाचली आणि विचारलं, ‘ठेका तू धरलावतास न्हवं? मग ह्यांनी कसा धरला?’ मला उत्तर सुचेना, म्हणून इथं विचारतोय.

दुसरी गोष्ट जरा मनाला लागलेली. कार्यक्रमानंतर एक पाहुणे म्हणाले, ‘नुसता ठेकाच धरून बसलावतास, जरा हात दाखवायचास की!’ आता गंमत अशी, की माझे आवडते ड्रमर बहुतेक ‘नुसता ठेका’वालेच. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स १९६३ पासून २०२१ मध्ये जाईपर्यंत त्या एकाच बँडमागं बसला. स्नेअरवर, म्हणजे सेटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमवर, ठोका देताना तो हाय-हॅटवरचा, म्हणजे पायानं मिटायच्या झांजांच्या जोडीवरचा, हात किंचित उचलून घ्यायचा. सगळे दोन्ही एकदम वाजवतात, हा मध्येच एक गाळतो. तेवढ्यानं स्नेअरला मोकळी जागा मिळते आणि गाणं जरा रेलून चालतं. बीटल्सचा रिंगो स्टार डावखुरा, पण बसला उजव्या हाताच्या सेटवर. त्यामुळं टॉमवरून, म्हणजे सेटमधल्या लहानमोठ्या ढोलांवरून, फिरताना त्याचा हात आपल्याला वाटतो तिथनं निघतच नाही. मी वर्षभर नक्कल केली, जमली नाही. ह्या गोष्टीला मराठीत काय म्हणायचं? ‘वादनशैली’ नको, तो प्रमाणपत्रावरचा शब्द वाटतो.

प्रतिसाद

तबला शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते. आधी क्रियापदं बघा. आमच्यात तुकडा वाजवतात, तिहाई (एकच बोल तीनदा) घेतात, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतात. ठेका मात्र धरतात. धरलेली वस्तू सुटू शकते, म्हणून ‘ठेका सुटला’ असंही म्हणतो. तालाचे ठरलेले बोल म्हणजे ठेका; त्रितालाच्या सोळा मात्रा, धा धिं धिं धा, आणि पुन्हा पहिल्यापासून. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालात गाणारा खुशाल भटकतो, कारण परतायची जागा कुणीतरी धरून ठेवलेली असते. विलंबित एकताल वीस मिनिटं न हलता धरून बघा म्हणावं त्या पाहुण्यांना!

तुमच्या आईंचा प्रश्न रास्त आहे, पण बातमीही चूक नाही. वाजवणाऱ्यानं हातानं धरलेला ठेका ऐकणाऱ्यानं पायानं धरला, एवढंच. ‘हलगीच्या ठेक्यावर ठेका धरला’ असं मात्र लिहू नये. सरळ ‘नाचले’ लिहावं.

आणि शैलीला शब्द आहे की, तुमच्या पाहुण्यांनीच दिलाय. हात! हात गोड, हात जड, हात तयार. मैफलीची ध्वनिफीत लागली, की जुने लोक विचारायचे, ‘हात कुणाचा?’ अहमदजान थिरकवा यांचं तर नावच त्यातून आलं. थिरकवा हे आडनाव नव्हे. बोटं तबल्यावर थिरकायची म्हणून पडलेलं नाव ते. एवढा मोठा सोलो वाजवणारा माणूस, पण गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत बसायचा. तिथंही हात त्यांचाच, आणि काम ठेक्याचं. पाहुण्यांना पुढच्या वेळी सांगा, ‘हात दाखवून अवलक्षण’ कशाला?

प्रतिसाद

म्याडमचं पटलं. मी कागलकडचा, कुस्तीच्या मैदानातलं सांगतो. हलगीवाले आधी कागद-काटक्या पेटवून हलगी शेकतात. कातडं ताणलं, की बोटानं टिचकी मारून बघायचं, आवाज ‘टण्ण’ आला पाहिजे. पैलवान नुसते एकमेकांना चाचपत असतात तोवर ठेका साधा. कुणी कब्जा घेतला, की हलगी चढते आणि मागनं घुमकं, म्हणजे साथीचं घुमणारं वाद्य, तिला उचलून धरतं. वाजवणाऱ्याची नजर हातावर नसते, पैलवानाच्या पायावर असते.

आमच्याकडं हलगी कडाडते, ढोल घुमतो, ताशा तडतडतो. ‘बडवतो’ म्हटलं, की समजायचं हात चांगला नाही.

प्रतिसाद

मुद्रितशोधक आहे, राहवत नाही. ‘काळजाचा ठेका चुकला’ असं हल्ली लिहून येतं. चुकतो तो ठोका. ठोका एक असतो, घड्याळाचा किंवा काळजाचा. ते ठोके ठराविक क्रमानं फिरून आले की ठेका. रस्त्याचा ठेका वेगळा. तो घेतात, धरत नाहीत, हे आपल्याकडचे खड्डे चुकवताना लक्षात येतंच.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. ‘हात’ तर घेतलाच. आईलाही ‘हातानं धरला, पायानं धरला’ पटलं.

आता शेवटचं विचारतो. अमेरिकेचा ड्रमर बर्नार्ड पर्डी मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागेत स्नेअरवर अगदी हलके ठोके पेरत जातो. ते वेगळे ऐकूच येत नाहीत, पण काढून टाकले तर ठेका कोरडा पडतो. आम्ही ‘घोस्ट नोट’ म्हणतो. हलगीवर टिपरूचा, म्हणजे एका हातातल्या जाड काडीचा, ठोका पडतो तेव्हा दुसऱ्या हातातली बारीक काडी मधनं जे करत असते, ते मला ह्याच्याच जवळचं वाटतं. ‘भुताचा सूर’ म्हणालो तर बँडमधली पोरं हसून पडतील.

प्रतिसाद

‘कुजबुज’ म्हणा.

मूळ प्रश्नकर्ता

भारी! लगेच वापरून बघितला. माझ्याकडं शिकणाऱ्या पोराला म्हटलं, ‘कुजबुज जरा कमी कर.’ पोरगं शेजारच्याशी बोलायचं थांबलं. हात तसेच चालू.