कायपर यांची युती नुसती संधिसाधू नव्हती

वर कुणीतरी म्हटलंय की १९०१ चं डच पंतप्रधान अब्राहम कायपर यांचं सरकार म्हणजे कॅल्विनवादी (कडवे प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक यांनी खुर्चीसाठी केलेली सोयरीक. मला हे अजिबात पटत नाही. त्यांना जोडणारा धागा शाळेचा होता, आणि तो जुना होता.

मुलाला आपल्या धर्माच्या शाळेत घालणारा बाप सरकारी शाळेसाठी कर भरायचा आणि वर आपल्या शाळेची फीही स्वतःच्या खिशातून द्यायचा. १८७८ च्या कायद्याने शाळांचा खर्च आणखी वाढणार म्हटल्यावर ३ लाखांहून जास्त प्रोटेस्टंटांनी राजाकडे सह्यांचा अर्ज दिला, कॅथलिकांनी वेगळा दिला. राजाने तरीही कायद्यावर सही केलीच. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे संशयाने बघणारी माणसं या दुखण्यामुळे जवळ आली. १९०१ च्या निवडणुकीत संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या १०० पैकी ५८ जागा त्यातूनच मिळाल्या.

कायपर यांची दुसरी बाजूही मात्र लपवू नये. १९०३ च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमच्या गोदी कामगारांना रेल्वेवाल्यांनी साथ दिली, गाड्या थांबल्या, कंपन्या नमल्या. एप्रिलमध्ये सरकारने रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप हाच गुन्हा ठरवला. त्याविरुद्धचा संप फसला आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. ‘लहान माणसांचा’, म्हणजे साध्यासुध्या लोकांचा, नेता म्हणवणाऱ्याने हे करावं, याचा मला आजही राग येतो.

आणि धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकंच अनुदान? ते १९१७ च्या घटनादुरुस्तीत आलं, पुरुषांच्या सार्वत्रिक मताधिकाराच्या बदल्यात, आणि तेही कोर्ट व्हान डेर लिंडेन या उदारमतवादी पंतप्रधानाच्या काळात.