शब्दचर्चा : ‘मेंदूच्या हालचाली’ टिपता येतात का? अपस्मार आणि मेंदूच्या प्रतिमा यांसाठी मराठी शब्द

विचारणा (जळगाव)

अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या व्याधीच्या, रुग्णांना तपासणीपूर्वी वाचायला द्यायच्या माहितीपत्रकाचे मराठी रूप मी सध्या तयार करीत आहे. रुग्ण जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येतात. घरात अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि डॉक्टरांसमोर त्यात मिसळलेले इंग्रजी शब्द, अशी त्यांची भाषा असते. माझ्या पहिल्या मसुद्यात एकाच पानावर दोन वाक्ये आली होती : ‘या तपासणीत मेंदूच्या हालचाली टिपल्या जातात’ आणि चार ओळींनंतर ‘तपासणी चालू असताना रुग्णाने कोणतीही हालचाल करू नये’. मसुदा वाचून पाहण्यासाठी मी तो पारोळा तालुक्यातील एका आईच्या हाती दिला. तिने अगदी सरळपणे विचारले की, हलायचेच नसेल तर यंत्र टिपणार काय?

‘हालचाल’ हा शब्द चुकीच्या जागी बसला आहे, हे तिच्यामुळे माझ्या लक्षात आले. वर्तमानपत्रांत तो इतका रुळला आहे की मला तो खटकलाही नव्हता. आपल्याला सांगायचे असते ते एवढेच की, मेंदूतील पेशी परस्परांना विद्युत-रासायनिक संदेश देत असतात. त्यासाठी ‘क्रिया’, ‘सक्रियता’, ‘कार्य’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा? ‘मनोव्यापार’ या शब्दातला जुना ‘व्यापार’ अर्थाने अचूक आहे, परंतु सोने आणि डाळीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या शहरात ‘मेंदूचा व्यापार’ असे छापण्याचे धैर्य मला होत नाही.

दुसरी अडचण ‘झटका’ या शब्दाची आहे. आकडी, फेफरे, मिरगी, फिट हे सर्व शब्द इकडे चालतात. ‘पोऱ्याले फिट येस’ हे तर रोज ऐकू येते. यांपैकी पत्रकात कोणता शब्द घ्यावा आणि ‘अपस्मार’ कोठे वापरावा, याविषयी आपली मते हवी आहेत.

उत्तर (धुळे)

ताई, मी गेली अनेक वर्षे ईईजी, म्हणजे मेंदूतील विजेचा आलेख, काढण्याचे काम करतो, त्यामुळे ‘झटका’ या शब्दाने होणारा घोटाळा मी जवळून पाहिला आहे. ‘झटक्याची तपासणी’ असे पत्रावर लिहिलेले वाचून, आता विजेचा झटका देणार या समजुतीने एक आजोबा नातीला घेऊन परत निघाले होते. तिच्या डोक्याला लावायच्या तारा पाहून त्यांची खात्रीच पटली होती. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी एक वाक्य सांगतो : हे यंत्र मेंदूत तयार होणारी अतिशय सूक्ष्म वीज मोजते, मेंदूला वीज देत नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा असा पहिला आलेख काढला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजवर या तपासणीचे मूळ तत्त्व तेच आहे. ‘विद्युत’ हा शब्द पत्रकात येणार असेल, तर त्याच्या शेजारी ‘मोजणे’ किंवा ‘नोंदणे’ हे क्रियापद आलेच पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता एमआरआयविषयी, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने शरीराच्या आतील प्रतिमा काढणाऱ्या तपासणीविषयी. साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो : एखादा व्रण, गाठ, जन्मतः राहिलेला दोष, किंवा आपल्या देशात बऱ्याचदा आढळणारी, फीतकृमीच्या अळीमुळे झालेली गाठ. ‘फंक्शनल’ एमआरआय हा प्रकार वेगळा आहे आणि त्याला सर्रास ‘कार्यात्मक’ किंवा ‘कार्यदर्शी’ म्हटले जाते. मला ‘कार्यदर्शी’ शब्दातला ‘दर्शी’ मान्य नाही, कारण ते यंत्र मेंदूचे कार्य पाहत नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागतो त्याच्याकडे रक्ताचा ओघ वाढतो, तेथील रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण बदलते, आणि प्राणवायू असलेल्या व नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असल्यामुळे तो बदल यंत्राला कळतो. हे तत्त्व जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडले. पेशींचे संदेश सेकंदाच्या हजाराव्या भागात होऊन जातात, तर रक्ताचा हा प्रतिसाद कळसाला पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात. आपल्याकडील शेतकऱ्याला हे समजावणे अवघड नाही. विहिरीवरची मोटर चालू झाली हे तो बांधावर बसून, पाटात पाणी आले यावरून ओळखतो. मोटर त्याला दिसलेली नसते आणि पाणी वाफ्यापर्यंत यायला वेळ लागलेला असतो. म्हणून मी ‘कार्यसूचक एमआरआय’ हा शब्द सुचवतो, आणि ‘मेंदूची क्रिया दिसते’ याऐवजी ‘मेंदूतील सक्रियतेचा अंदाज येतो’ असे लिहावे, असे मला वाटते.

ईईजीला वेळ नेमकी कळते पण जागा ढोबळ कळते, आणि कार्यसूचक एमआरआयचे नेमके उलट आहे. म्हणूनच अपस्माराच्या अभ्यासात दोन्ही तपासण्या एकाच वेळी, रुग्ण एमआरआयच्या नळीत असतानाच, करण्याची पद्धत १९९० च्या दशकात सुरू झाली. आलेखावर विकृत लहर उमटली त्या सुमारास मेंदूच्या कोणत्या भागाकडे रक्ताचा ओघ बदलला, हे त्यातून तपासता येते.

उत्तर (अमळनेर)

‘अपस्मार’ शब्दाची फोड सोपी आहे : स्मृतीचे दूर जाणे. चरकसंहितेत या व्याधीवर निदानस्थान आणि चिकित्सास्थान या दोन्ही ठिकाणी स्वतंत्र अध्याय असून तेथे तिला ‘तमःप्रवेश’, म्हणजे अंधारात शिरणे, असेही म्हटले आहे. शब्द आदरणीय आहे, परंतु तो व्याधीचे नाव आहे, घटनेचे नव्हे. तेव्हा घटनेसाठी ‘झटका’ किंवा ‘फिट’ आणि व्याधीसाठी ‘अपस्मार’ ही विभागणी पत्रकात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट करावी. एक झटका आला म्हणजे अपस्मार झालाच असे नाही. उघड कारणाशिवाय आणि चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन झटके येणे ही त्याची प्रचलित व्याख्या आहे, आणि एकाच झटक्यानंतर पुन्हा येण्याचा धोका मोठा असल्यास तोही त्यात धरला जातो. ‘आकडी’ मात्र व्याधीसाठी टाळावी, कारण अंग आखडणे हा तिचा मूळ अर्थ असून, कित्येक रुग्ण न आखडता काही क्षण केवळ शून्यात पाहत राहतात.

हा भेद केवळ भाषेचा नाही. हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या शेजारी अपस्मार बसवलेला होता आणि १९९९ च्या दुरुस्तीने तो तेथून काढण्यात आला. सोयरिकीच्या बैठकीत मात्र ते दोन शब्द अजूनही एकमेकांना चिकटून बसलेले मी ऐकतो, आणि त्याचा फार त्रास होतो.

विचारणा करणारीकडून

दोघांचीही मी ऋणी आहे. अमळनेरच्या सरांनी सांगितलेली विभागणी आणि धुळ्याहून सुचवलेला ‘कार्यसूचक’ हा शब्द मी स्वीकारते. या चर्चेमुळे पत्रकातील आणखी दोन शब्द मला पुन्हा तपासावे लागले.

पहिला ‘मंद’. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोज शिरेतून देतात, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात पाहिले असता, झटके जेथून सुरू होतात तो भाग पुष्कळदा आजूबाजूच्या भागापेक्षा कमी ग्लुकोज वापरताना आढळतो. मी त्याला ‘मंद भाग’ म्हटले होते. मुलाच्या अहवालात ‘मंद’ वाचणाऱ्या बापाला ‘मतिमंद’ याखेरीज दुसरे काही ऐकू येणार नाही, म्हणून तेथे आता ‘कमी ग्लुकोज वापरणारा भाग’ असे लिहिले आहे. ‘साखर’ लिहिले तर मधुमेहाची शंका येते, म्हणून तोही शब्द टाळला.

दुसरा ‘नॉर्मल’. एमआरआयचा अहवाल नॉर्मल आला की घरातील माणसे रुग्णाकडे, विशेषतः ती सून असेल तर, संशयाने पाहू लागतात. अपस्मार असूनही अनेकांच्या एमआरआयमध्ये काहीच सापडत नाही. म्हणून ‘नॉर्मल’ऐवजी ‘रचनेत दोष आढळला नाही, यावरून अपस्मार नाही असे ठरत नाही’ हे पूर्ण वाक्य मी घातले आहे. वाक्य लांबले याची मला खंत नाही.

झटक्याच्या वेळी रुग्णाला सर्वांत आधी जे जाणवते त्याला डॉक्टर ‘ऑरा’ म्हणतात. त्या शब्दासाठी मी ‘पूर्वसूचना’ लिहिले आहे. तो चालेल का?

उत्तर (धुळे)

ताई, माझ्या मते चालणार नाही. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटणे, नसलेला वास येणे किंवा एकाएकी भीती वाटणे ही झटक्यापूर्वीची सूचना नसून मेंदूच्या एका भागात झटका सुरू झाल्याचीच खूण असते. ‘पूर्वसूचना’ लिहिले तर रुग्ण तेवढे सांगायचे सोडून देतात, आणि कोणत्या भागाची प्रतिमा अधिक बारकाईने पाहावी हे ठरवताना डॉक्टरांना त्याच माहितीची गरज असते. तेथे ‘झटक्याची पहिली जाणीव’ असे लिहावे, आणि ती जाणीव रुग्णाने स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या शब्दांत लिहावी यासाठी खाली चार ओळी कोऱ्या ठेवाव्यात.