अ‍ॅप काढलं तरी पैसे कापले जातातच
अ‍ॅप काढून टाकल्यावरही नेटफ्लिक्ससारख्या ओटीटीचे पैसे कापले गेले म्हणता, ते जाणारच. पैसे कापण्याची परवानगी अ‍ॅपमध्ये नसते, यूपीआय ऑटोपेत (ठरलेले पैसे आपोआप कापणाऱ्या सोयीत) किंवा कार्डावर असते. आधी त्या सेवेच्या खात्यात जाऊन रद्द करा, मग यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' उघडून मॅन्डेट, म्हणजे दिलेली परवानगी, रद्द करा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो. तो कुणी वाचत नाही, हीच गोम.

मग कोणती ओटीटी सेवा ठेवायची? मोबाइल आणि फायबरच्या प्लॅनसोबत काय मिळतंय ते आधी बघा, बऱ्याचदा त्याच सेवेचे वेगळे पैसेही चालू असतात. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा प्लॅन टीव्हीवर चालत नाही. १९९चा चालतो, पण एका वेळी एकच स्क्रीन. आजीची मालिका आणि नातवाचं कार्टून एकाच वेळी लागलं, की भांडण ठरलेलं.